चवीची सही

सुगंधा परब रांधताना कधी चाखत नसे. घरातलं तिघांचं कालवण असो की शाळेतल्या तीनशे मुलांची खिचडी, नियम एकच. ही शिकवण सासूची. दुसऱ्याच्या ताटात जायचं अन्न आधी आपल्या जिभेला लावलं की ते उष्टं झालं, असं म्हातारी म्हणायची. तिने परळला गिरणी कामगारांची खानावळ चालवली होती, दोन पाळ्यांची चाळीस माणसं जेवायला असत, आणि मीठ म्हणे ती नुसत्या वाफेवर ओळखायची. खरंखोटं त्या माउलीलाच ठाऊक. पण सुगंधाने तो नियम उचलला आणि मिरवला. पातेल्यावर वाकायची, वाफ नाकात घ्यायची आणि मान हलवायची. बहुतेक वेळा तिचं बरोबरही यायचं, हे कबूल केलं पाहिजे.

घाटकोपरला डोंगरावर चाळी चढत गेल्या आहेत. पायथ्याशी एक पत्र्याचा गाळा आहे, त्यात सुगंधाच्या बचतगटाचा संसार होता. दोन मोठ्या शेगड्या, तीन पातेली, हातभर दांड्याचं उलथणं आणि कोपऱ्यात तांदळाच्या गोणी. शाळा वर, एकशे बारा पायऱ्या चढून. गटात कागदावर दहा बायका होत्या. पातेल्याशी मात्र दोघीच, सुगंधा आणि द्रौपदी हिवराळे. उरलेल्या आठजणी फोटोपुरत्या यायच्या.

द्रौपदी जालन्याकडची. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन मुंबईला आली. मुलगा याच शाळेतून दहावी होऊन बाहेर पडला होता. सहा वर्षं दोघींनी एकाच पातेल्याच्या दोन कड्या धरल्या. डावी सुगंधाची, उजवी द्रौपदीची. पायऱ्यांवर तीन ठिकाणी टेकायचं, पदराने मान पुसायची, पुन्हा उचलायचं. तोल असा जमला होता की झाकणातून पाण्याचा थेंब सांडत नसे.

कामाची त्यांची एक रीत होती. जिने मीठ टाकलं तिने मोठ्याने सांगायचं. "मीठ पडलं गं!" आणि दुसरीने उत्तर द्यायचं, "पडलं!" शेगडीच्या घरघराटात दुसरं काही ऐकू येत नसे, म्हणून ही आरोळी. मुलंही पायऱ्यांवरून जाताना ओरडायची, मीठ पडलं गं, आणि हसत पळायची.

ढवळून ढवळून सुगंधाचा उजवा खांदा जाम झाला होता. केस बांधायला हात मागे जात नसे, वेणी मुलगी घालून द्यायची. श्वेता सहावीत होती, याच शाळेत. नवरा नंदू पवईला एका ऑफिसच्या इमारतीत वॉचमन. बारा तास उभा राहून त्याच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. त्याची एजन्सी दर सहा महिन्यांनी माणसं कमी करायची. घरात भरवशाचं असं एकच काम होतं, ते खिचडीचं.

खिचडी वाढण्याआधी तिची चव घ्यावी लागते. एक शिक्षक आणि एक पालक, दोघांनी चमचाभर खायची आणि निळ्या पुठ्ठ्याच्या नोंदवहीत लिहून सही करायची. जूनपासून पालकांकडून ही पाळी संघमित्राकडे होती. ती रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला. पहाटेपासून घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे, ते लॅबवर द्यायचे आणि साडेअकराला खांद्यावरची पिशवी सावरत शाळा चढायची. तिचा मिथुन श्वेताच्याच वर्गात. संघमित्रा बाकावर बसायची, चमचा तोंडात घालायची आणि खाली बघत चावत राहायची. घाई नाही. मग लिहायची. काय लिहायची ते सुगंधाने कधी वाचलं नाही. वही पुढे करणं तिचं काम, वाचणं मास्तरांचं.

ऑगस्टमध्ये एके दिवशी संघमित्राने चमचा खाली ठेवला.

"ताई, तांदळाला वास आहे."

"धुतलेत चांगले. तीन पाणी काढलंय."

"पाण्याने जाणारा वास नाहीये हा. कुबट आहे. तुम्ही खाऊन बघा."

"मी चाखत नाही," सुगंधा म्हणाली.

संघमित्राने द्रौपदीकडे बघितलं. द्रौपदीने एक घास घेतला, गिळला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. त्या दिवशी पातेलं तसंच खाली उतरवावं लागलं. भरलेलं पातेलं उतरवणं चढवण्यापेक्षा कठीण असतं, गुडघे लटपटतात. पायऱ्यांवर उभ्या बायका विचारत होत्या, काय गं, काय झालं? मुलांनी बिस्किटं खाल्ली. आठवड्याने मुख्याध्यापक शरच्चंद्र सरांनी गटाला नोटीस दिली, तीन दिवस काम बंद. "पालक प्रतिनिधीने लेखी नोंद केली आहे, माझा नाइलाज आहे," ते म्हणाले. "वाचायची आहे का नोंद?"

"काय वाचायचंय, सर? कळलं ना सगळ्या डोंगराला," सुगंधा म्हणाली आणि निघून आली.

तो डाग तिने मनात धरून ठेवला. तांदळाला वास होता हे तिला धुतानाच कळलं होतं, म्हणून तर हळद जास्त टाकली होती. पण माणसाला आपली हळद आठवत नाही, दुसऱ्याचा चमचा आठवतो.

दिवाळीनंतर चवीची पाळी हर्षदकडे आली. हर्षदचं खाली नाक्यावर खोल्या भाड्याने लावून द्यायचं दुकान होतं आणि गणपती मंडळाचं तो सगळं बघायचा. मुलगी निधी चौथीत. उमदा माणूस, सगळ्यांना नावाने ओळखणारा. पहिल्या दिवशी सुगंधाने ताट पुढे धरलं.

"आज सोमवार ना वहिनी. उपवास."

मंगळवारी चतुर्थी निघाली. बुधवारी तो नाश्ता हाणूनच आला होता. गुरुवारी पुन्हा उपवास. शुक्रवारी म्हणाला, "रोज रोज काय ते? आणा वही इकडे." आणि त्याने पूर्ण आठवड्याच्या रकान्यांत "चव उत्तम" लिहून खाली सह्या ठोकल्या. पुढे पुढे पंधरा दिवसांचं एकदम. शिक्षक खाली सही करायचे, कारण वर पालकांची होती. सुगंधाला आधी जरा कसंतरी वाटलं. मग सवय झाली, आणि मग बरं वाटायला लागलं. माणूस विश्वास टाकतो, असं ती घरी नंदूला म्हणाली.

जानेवारीत शाळा व्यवस्थापन समितीची मुदत संपली. बाकीच्या जागा बिनविरोध भरल्या, अध्यक्षपदासाठी दोन नावं आली. हर्षद आणि संघमित्रा. अध्यक्ष पालकसभेत हात वर करून निवडायचा, हा या शाळेचा जुना रिवाज. आणि एप्रिलमध्ये खिचडीचं काम कोणत्या गटाला द्यायचं त्याच्या शिफारशीवर अध्यक्षाची सही लागायची. म्हणजे सुगंधाचा तवा कोणाच्या हातात जाणार, ते त्या सभेत ठरणार होतं.

तेव्हापासून डोंगरावर दुसरा विषय राहिला नाही. हर्षदने मुलांना दप्तरं वाटली. दप्तरावर सरस्वती छोटी आणि हर्षद मोठा. शाळेला स्टेज बांधू, स्पीकर आणू, गॅदरिंग झकास करू, असं तो म्हणत होता. संघमित्राने काही वाटलं नाही. संध्याकाळी कामावरून येताना ती एकेका दारात उभी राही आणि वहीत लिहून घेई. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. पाण्याच्या टाकीला झाकण नाही. सातवीला गणिताला शिक्षक नाही.

"आई, मिथुनची आई जिंकली तर कडी बसणार आहे," श्वेता आईच्या केसांत फणी फिरवत म्हणाली.

"तुला काय करायचीय कडी?"

"मी आत गेले की प्राची दार धरते. ती गेली की मी. मुलं मुद्दाम ढकलतात."

"मग मधल्या सुट्टीत जायचं नाही. घरूनच जाऊन निघायचं."

श्वेताने फणी जरा जोरात ओढली.

नंदू गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसला होता. सुगंधाने त्याला विचारलं, कोणाला देऊ?

"माका काय इचारतंस? तुझी शाळा, तुझी खिचडी. तुका होया ता कर."

"तुम्ही पण पालकच ना?"

"माझी ड्युटी हा," तो म्हणाला आणि पाय बदलला.

नळावर बायका तिलाच विचारत. का नाही विचारणार? दोन्ही उमेदवारांशी रोजचा संबंध आलेली तीच एक. सुंदराबाई होती, आईविना नातवाला सांभाळणारी, तिने हंडा खाली ठेवून सरळ विचारलं, "सुगंधा, तू जवळून बघतंस दोघांका. बरो कोण?"

सुगंधाने क्षणभर विचार केला, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तिने विचार केला नाही. उत्तर तिच्या तोंडात ऑगस्टपासून तयार होतं.

"हर्षद आपला माणूस आहे. कोणाच्या पोटावर पाय देणारा नाही. ती बाई शिकलेली आहे, पण खोड काढायची सवय. आज माझ्या खिचडीत काढली, उद्या तुमच्या पोरात काढेल."

"मगे आम्ही तुझ्याकडे बघून हात वर करतलंव," सुंदराबाई म्हणाली. आणखी तिघींनी माना हलवल्या.

गाळ्यात ही गोष्ट निघाली तेव्हा द्रौपदी वटाणे उपसत होती. तिला मत नव्हतं, मुलगा शाळेबाहेर पडला तेव्हाच संपलं होतं. काम मात्र तिचंही तेच होतं. ती खाली बघूनच म्हणाली, "संघमित्रा बरी आहे गं. तोंडाने फटकळ आहे, पण खोटी नाही."

"तुमच्यातली आहे म्हणून बोलतेस."

द्रौपदीचा हात वटाण्यात थांबला. मग तिने चाळण उचलली, पाणी निथळू दिलं, वटाणे पातेल्यात ओतले आणि मीठ टाकलं. "मीठ पडलं गं," एवढंच म्हणाली. सुगंधाच्या लक्षात आलं की आपण भलतंच बोललो. पण भलतं बोललेलं परत घ्यायला जी हिंमत लागते ती तिला लगेच जमली नाही, आणि नंतर वेळ निघून गेली.

सभेच्या आदल्या दिवशी हर्षद गाळ्यात आला. दाराशीच उभा राहिला, चपला न काढता.

"काय वहिनी, उद्या लक्ष आहे ना?"

"आहे ना दादा. आत या, गरम आहे, आज तरी चमचाभर खा."

"तुमच्या घरी येऊन खाईन की. मालवणी सुकं करा, बघा कसा हाणतो." तो हसला आणि मोरीकडे मानेने खूण केली. तिथे द्रौपदी पाठमोरी बसून तांदूळ धूत होती. आवाज थोडा उतरवून तो म्हणाला, "इथलं नको हो. इथे कोण कोण हात घालतं, तुम्हाला माहितीय. आपण बोलत नाही, एवढंच."

सुगंधा हसली. हसण्यासारखं काही नव्हतं, पण ती हसली. मोरीतला नळ बंद झाला होता. कधी बंद झाला, ते तिला कळलं नाही. हर्षद गेल्यावर द्रौपदी तांदळाचं घमेलं घेऊन उठली, तिच्या अंगावरून गेली आणि तांदूळ पातेल्यात सोडले. दोघी पायऱ्या चढल्या, तीन ठिकाणी टेकल्या.

सभा शनिवारी दुपारी झाली, सातवीच्या वर्गात. बाकं मुलांची, त्यात मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. शरच्चंद्र सरांनी दोघांना दोन-दोन मिनिटं दिली. हर्षद दहा मिनिटं बोलला आणि टाळ्या घेतल्या. संघमित्राने वही उघडून कडी, टाकी, गणित असं वाचलं आणि म्हणाली, "मी अध्यक्ष झाले तर खिचडीची चव रोज घेणार. मला जमलं नाही तर दुसरं कोणी घेईल, पण खाल्ल्याशिवाय सही होणार नाही." बोलताना तिने सुगंधाकडे बघितलं. सुगंधाने ते टोमणा म्हणून घेतलं.

"हर्षद यांच्या बाजूने हात वर," सर म्हणाले.

सुगंधाने हात उचलला. खांद्यापर्यंत गेला आणि अडकला. मागच्या बाकावर सुंदराबाई आणि तिघीजणी तिच्याकडे बघत होत्या. तिने डाव्या हाताने उजवं कोपर धरलं आणि वर ढकललं. कळ मानेतून कानात गेली. मागे चार हात वर झाले. सरांनी मोजलं, चुकले, पुन्हा मोजायला लागले. "हात खाली घेऊ नका," म्हणाले. सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. समोरच्या बाकावरून संघमित्रा मागे वळली होती. ती सुगंधाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, त्या धरून ठेवलेल्या कोपराकडे बघत होती.

हर्षदला एकतीस, संघमित्राला अठ्ठावीस. सुगंधाचा एक आणि तिच्याकडे बघून वर झालेले चार. हिशोब कोणालाही करता येण्यासारखा होता. तिने तो केला नाही. तिला पेढा मिळाला आणि तिने तो श्वेतासाठी रुमालात बांधून नेला. श्वेताने खाल्ला नाही.

फेब्रुवारी तसाच गेला. नाक्यावर हर्षदच्या अभिनंदनाचा बॅनर लागला. संडासाला कडी लागली नाही. गाळ्यात दोघींचं कामापुरतं बोलणं उरलं होतं, आणि तेही हळूहळू खुणांवर आलं. पातेलं धर, शेगडी कमी कर, हे डोळ्यांनी कळायचं. मिठाची आरोळी कधी बंद पडली, ते दोघींपैकी कोणीच सांगू शकली नसती. ज्या दिवशी जी आधी येई ती मीठ टाकी, आणि दुसरी ते समजून घेई. मुलंही ओरडेनाशी झाली होती.

मार्चमध्ये ऊन चढलं. पत्रा तापला की गाळ्यात उभं राहणं म्हणजे अंगाची उकड होई. त्या दिवशी पाणी उशिरा आलं, द्रौपदी दोन हंडे घेऊन खालच्या नळावर गेली. सुगंधाने फोडणी केली, तांदूळ सोडले, मीठ टाकलं आणि गोणीवर टेकली, तिला भोवळ आल्यासारखं झालं होतं. ती तोंडावर पाणी मारायला बाहेर गेली. द्रौपदी आली ती घाईत. पातेलं उकळत होतं, मिठाचा डबा उघडा होता. गाळ्यात कोणी नव्हतं, मीठ राहिलं असेल असं समजून तिने मीठ टाकलं आणि ढवळायला घेतलं. सुगंधा आत आली, तिने उलथणं हातात घेतलं. वाफेवर वाकली. पण इतक्या उकाड्यात तिच्या स्वतःच्याच घामाचा वास नाकात भरला होता.

तिने मान हलवली.

शाळेत नोंदवही उघडली. त्या दिवसाच्या रकान्यात चार दिवस आधीच लिहिलेलं होतं, चव उत्तम. खाली हर्षदची सही, लांब शेपटीची.

पहिली रांग पहिलीच्या मुलांची. एकाने घास घेतला आणि ताटातच थुंकला. मग दुसऱ्याने. एक मुलगी रडायला लागली. सुगंधाला वाटलं वटाणा टोचला असेल. तेवढ्यात सहावीच्या रांगेतून श्वेता ताट घेऊन पुढे आली. सगळ्यांसमोर तिने ते आईपुढे धरलं.

"आई, खारट आहे. खाऊन बघ."

"मुलांसमोर काय बोलतेस?"

"खाऊन बघ ना एकदा तरी!"

सुगंधाने खाल्ली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने आपल्या हातची खिचडी पातेल्याशेजारी उभं राहून खाल्ली. जीभ जळली. तिने द्रौपदीकडे बघितलं आणि द्रौपदीने तिच्याकडे. दोघींना एकाच वेळी कळलं काय झालं ते.

लहान मुलांना न्यायला आलेल्या आयांनी व्हिडिओ काढले, ते खालपर्यंत पोहोचले. सोमवारी शिक्षण खात्याकडून एक अधिकारी बाई आल्या. वयाने लहान, घामाने चष्मा घसरणाऱ्या. शरच्चंद्र सरांच्या खोलीत हर्षद खुर्चीवर बसला होता, सुगंधा आणि द्रौपदी दाराजवळ उभ्या.

"खाऱ्या खिचडीच्या दिवशी 'चव उत्तम'?" अधिकारी बाईंनी वही फिरवली. "अध्यक्ष, तुम्ही खाल्ली होती?"

"नाही मॅडम," हर्षद म्हणाला. "खरं सांगतो, मी आजपर्यंत कधीच खाल्ली नाही."

"मग सही?"

"ह्या बाई वही घेऊन येतात. गरीब बाई आहे, काम जाईल म्हणते. म्हणून करायचो. चूक झाली माझी. दया दाखवायला गेलो."

सुगंधा एक पाऊल पुढे आली. "दादा, मी रोज ताट धरलं तुमच्यापुढे. तुम्ही उपवास म्हणालात."

"रोज उपवास कोण करतं वहिनी?" हर्षद हसून म्हणाला. शरच्चंद्र सरही हसले.

हे उत्तर तिने त्याला द्यायला हवं होतं. चार महिने तिच्या तोंडाशी असलेलं, तिने न बोललेलं. आता ते त्याने बोलून टाकलं होतं. तो उपवास कशाचा होता, हे सांगायला तिने तोंड उघडलं. शेजारी द्रौपदी उभी होती. ते वाक्य द्रौपदीच्या समोर बोलायचं, आणि आपण ते ऐकून हसलो होतो हेही बोलायचं. तिने तोंड मिटलं.

अधिकारी बाईंनी लिहिलं, की गट चव न देता सह्या घेत असे. काम त्या दिवसापासून बंद. एप्रिलपासून दुसऱ्या गटाकडून टेम्पोने खिचडी येईल. अध्यक्षांनी यापुढे काळजी घ्यावी. "इथे सही करा, गटाच्या वतीने," त्या सुगंधाला म्हणाल्या आणि फोन घेऊन बाहेर गेल्या. हर्षद त्यांच्या मागोमाग गेला, पाणी पिणार का विचारत. द्रौपदीही पायऱ्या उतरायला लागली.

खोलीत आता सुगंधा, वही आणि शरच्चंद्र सर उरले. सही करायच्या आधी तिने पानं मागे उलटली. का उलटली, कोण जाणे. हर्षदची पानं संपली आणि दुसरं अक्षर लागलं, बारीक, सरळ. मीठ किंचित कमी. वटाणा कच्चा, पंधरा मिनिटं थांबून शिजवून घेतला. आज छान, मिथुनने दोनदा घेतली. वाढणाऱ्या ताईंचा हात दुखतो, पातेलं चढवायला शाळेने माणूस द्यावा. हे वाक्य तिने दोनदा वाचलं. मग ती ऑगस्टवर आली.

"तांदळाला कुबट वास. आज मुलांना देऊ नये. गोणी शाळेच्या गळक्या खोलीत भिजल्या होत्या, तिथूनच गटाला मिळाल्या. यात गटाच्या ताईंची चूक नाही. त्यांचं काम थांबवू नये. खोलीचं छत दुरुस्त करावं."

शरच्चंद्र सर खिडकीतून बाहेर बघत होते.

"सर," ती म्हणाली, "नोटिशीत हे सगळं नव्हतं."

"छताचं वर कळवलं असतं तर मलाच विचारलं असतं ना," सर म्हणाले. "आणि मी तुम्हाला विचारलं होतं, वाचायचं आहे का."

विचारलं होतं, हे खरं. तिने सही केली. हात कोपरात धरूनच करावी लागली.

गाळ्यात द्रौपदी मोरीत बसून मोठं पातेलं घासत होती. आतली खरपूड काथ्याने खरवडत होती, पुन्हा त्यात उद्या काही शिजणार असल्यासारखी. सुगंधा तिच्याजवळ उकिडवी बसली.

"द्रौपदी, संघमित्राने आपल्या बाजूने लिहिलं होतं. ऑगस्टात. आपलं काम थांबवू नका म्हणून."

"माहितीये मला."

"तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी सांगितलं होतं तिनं. विहारात भेटली होती."

"मग मला काहून..." सुगंधाच्या तोंडात द्रौपदीच्या जालन्याकडचा शब्द आला. "मला का नाही बोललीस?"

द्रौपदीने काथ्या पाण्यात बुचकळला. "बोलले की. बरी आहे म्हणाले. तू काय म्हणालीस?"

बाहेर शाळा सुटली होती, मुलं पायऱ्या उतरत होती.

"आणि त्याचा उपवास कशाचा होता ते पण मला माहीत होतं," द्रौपदी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "नळ बंद करून ऐकलं मी. मला वाटलं तू काहीतरी बोलशील त्याला. तू हसलीस. मग मी म्हटलं, हिला पण माहीत आहे, आणि हिला चालतंय."

"पोटासाठी गं..."

"माझं पण पोट त्याच पातेल्यात होतं, सुगंधा."

तिने पातेलं विसळलं, पाणी ओतलं. ते पातेलं गटाचं, पण घेतलं होतं द्रौपदीच्या भिशीतून, आणि काम बंद झालं की ते तिच्या घरी जायचं हे पहिल्यापासून ठरलेलं. द्रौपदीने ते उपडं केलं, कोरडं पुसलं आणि उभं केलं. रिकामं असलं तरी ते एकटीला उचलण्यासारखं नव्हतं. सहा वर्षांत ते कोणी एकटीने उचललं नव्हतं.

सुगंधा उठली, डाव्या बाजूला गेली आणि कडीला हात घातला.

"सोड," द्रौपदी म्हणाली.

सुगंधाने सोडलं. द्रौपदीने पदराची चुंबळ डोक्यावर ठेवली, गुडघ्यावर जोर देऊन पातेलं वर घेतलं, एकदा डगमगली, सावरली आणि वाकून दारातून बाहेर पडली. मुलं बाजूला झाली. त्यातला एकजण जुन्या सवयीने ओरडला, "मीठ पडलं गं!"

कोणीच उत्तर दिलं नाही. श्वेता पायऱ्या उतरून दारात आली, तिने रिकाम्या शेगडीकडे बघितलं आणि दप्तर खाली ठेवलं.